वाचकांचे प्रश्न : धरणाच्या खालच्या गावांतून आलेली पत्रं

मागच्या अंकात जुन्या लघु तलावांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं धरणाच्या खाली राहणाऱ्यांची आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच देतो आहे. मी लघु पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. नोकरी यवतमाळ, वाशीम, अकोला भागातल्या मातीच्या धरणांवर झाली. काहींनी नाव छापू नका म्हणून कळवलं होतं, त्यामुळे कुणाचंच नाव दिलेलं नाही.

प्रश्न : आमच्या गावाच्या वर १९७२ च्या दुष्काळानंतर बांधलेलं मातीचं धरण आहे. त्याचं पाणी तालुक्याच्या गावाला पिण्यासाठी जातं. पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत आम्हाला सांगितलं की हे धरण ‘उच्च धोका’ वर्गात आहे. गावात एकच घबराट झाली, दोन कुटुंबं तर नातेवाइकांकडे निघून गेली. पण दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीत याच धरणावर ‘श्रेणी तीन, किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा होता. तो कागद माझ्याकडे आहे. मग खरं काय? — एक सरपंच, दिग्रस तालुका

उत्तर : सरपंचताई, दोन्ही खरं आहे. गावाला हे नीट समजावून सांगणं हे मृग लागायच्या आतलं तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम समजा.

तुमच्याकडच्या कागदावरची ‘श्रेणी’ धरणाच्या प्रकृतीची आहे. पाहणी करणारा अभियंता पाळ, सांडवा, विमोचक (पाळीखालून पाणी सोडायची मोरी आणि तिचं गेट), पिचिंग (पाण्याकडच्या उतारावरचं दगडी अस्तर), पाझर हे सगळं बघतो आणि सापडलेल्या दोषांवरून श्रेणी देतो. धरण फुटण्यापर्यंत मजल जाईल इतके गंभीर दोष असले तर पहिली. दोष मोठे आहेत, पण तातडीनं दुरुस्त करण्याजोगे आहेत, तर दुसरी. किरकोळ डागडुजी असेल तर तिसरी. म्हणजे दोन वर्षांपूर्वी तुमच्या धरणात मोठं काही आढळलं नव्हतं.

बैठकीत सांगितलेला ‘धोका वर्ग’ धरणातले दोष बघतच नाही. तो एवढंच विचारतो की काही कारणानं हे धरण फुटलंच, तर खाली काय काय जाईल? माणसं किती, घरं किती, पूल, शाळा, शेती, आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या शहराची पाणी योजना. अमेरिकेत तर सरळ नियम आहे : फुटल्यावर माणसाचा जीव जाण्याची शक्यता असेल, की ते धरण उच्च धोक्याचं. मग ते गेल्या वर्षी बांधलेलं आणि ठणठणीत का असेना. उलट जंगलाच्या तोंडाशी असलेला, पाळ खचलेला, सांडवा उखडलेला एखादा तलाव कमी धोक्याच्या वर्गात असू शकतो, कारण त्याच्या खाली मैलभर कुणी राहत नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेवर दोन्ही गोष्टी ठरवायची जबाबदारी टाकली आहे : धरण किती कमकुवत आहे ते, आणि फुटल्यास किती धोका आहे ते. महाराष्ट्राची ही संघटना नाशिकला आहे.

लोकांना ‘उच्च धोका’ एवढे दोन शब्द सांगून घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांनी बैठक घेतली, त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवायला हवे होते.

तरीही हा वर्ग हलक्यात घेऊ नका, आणि हे मी मनापासून सांगतो. धरण बांधलं तेव्हा खाली काय होतं, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बहुतेक ठिकाणी नाल्याच्या दोन्ही काठांना शिवार होतं. आज तिथे घरकुलं आहेत, जिल्हा परिषदेची शाळा आहे, रस्त्याला लागून ढाबा आणि मंगल कार्यालय आहे. पाळ एक इंच हललेली नसते, पण तिच्या खाली वस्ती सरकत येते आणि वर्ग वर चढतो.

आणि वर्ग चढला की त्या धरणाकडून अपेक्षाही वाढायला हव्यात. सांडवा किती मोठा पूर पेलू शकेल याचं भारतीय मानक, आय.एस. ११२२३, १९८५ सालचं आहे. त्यानुसार लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरतात, मध्यम धरणाला त्याहून मोठा ‘प्रमाण प्रकल्प पूर’ आणि मोठ्या धरणाला शक्य असलेला कमाल पूर. खाली धोका विशेष जास्त असेल तर याहून मोठा पूर धरावा, असंही त्यात लिहिलं आहे. तुमचं धरण या मानकाच्या आधीचं. त्या काळी पुष्कळ सांडवे पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पूर काढणाऱ्या ठोकताळ्याच्या सूत्रांवर बेतले जात. त्यातले काही आजही पुरेसे आहेत, काही नाहीत. गणित नव्यानं केल्याशिवाय ते कळत नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून पुष्कळ लोक निवांत होतात, ते बरोबर नाही. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. पन्नास वर्षांच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास चाळीस टक्के होते. तुमच्या धरणानं तेवढी वर्षं काढली आहेत.

पुढच्या बैठकीत विचारा : या धरणाच्या पुराचा आढावा शेवटचा कधी घेतला? धोका वर्ग कोणत्या साली आणि कोणती वस्ती मोजून ठरवला? आणि आणीबाणी कृती आराखडा, म्हणजे धरण फुटायची वेळ आली तर कुणी काय करायचं याचा कागद, तयार आहे का? कायदा ३० डिसेंबर २०२१ ला लागू झाला आणि आधीपासून भरत असलेल्या धरणांना हा आराखडा करायला पाच वर्षं दिली आहेत. १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण या कायद्यात येतं. १० ते १५ मीटरमधलं धरणही येतं, जर पाळ किमान ५०० मीटर लांब असेल, किंवा साठा किमान एक दशलक्ष घनमीटर असेल, किंवा पूर विसर्ग सेकंदाला किमान २००० घनमीटर असेल, किंवा पाया फार अडचणीचा अथवा बांधणी वेगळ्या धर्तीची असेल. पाळीवर किंवा चौकीजवळ प्रकल्पाचा फलक असतो, त्यावर उंची, लांबी आणि साठा लिहिलेला असतो. फोटो काढून ठेवा.

प्रश्न : माझं शेत पाळीला लागून आहे. पाळीच्या पायथ्याशी पूर्वीपासून ओल असते, तिथं लव्हाळा वाढतो. यंदा ओल जास्त दिसते आणि एका जागी बारीक धार लागली आहे. चौकीदार म्हणतो, मातीचं धरण आहे, पाझरणारच. — एक शेतकरी, मानोरा तालुका

उत्तर : भाऊ, चौकीदार चुकीचं सांगत नाही, पण अर्धंच सांगतो. मातीचं धरण पाझरतंच. मधे काळ्या मातीचा गाभा असतो, त्याला आम्ही हार्टिंग म्हणतो. दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, म्हणजे केसिंग. गावाकडच्या पायथ्याशी दगडांची रास, म्हणजे रॉक टो. गाभ्यातून झिरपलेलं पाणी गाळणीतून निथळून शांतपणे बाहेर पडावं, यासाठीच ती रास बांधलेली असते. पायथ्याच्या चरातून स्वच्छ पाणी वाहत असेल तर रचना आपलं काम करते आहे. वर्षानुवर्षं वाहणारी ही धार अचानक बंद पडली, तर ते मला जास्त काळजीचं वाटेल. मग ते पाणी कुठे तुंबलं आहे, हे शोधावं लागतं.

बघायचं ते असं. काचेची पारदर्शक बाटली घ्या, धारेचं पाणी भरा आणि सावलीत ठेवा. बाटलीवर तारीख लिहा. तासाभरानं तळाशी बघा. तळ स्वच्छ असेल तर पाणी नुसतं झिरपतं आहे. तळाशी मातीचा थर बसला, मग तो नखाएवढा पातळ का असेना, तर पाणी स्वतःबरोबर पाळ घेऊन चाललं आहे. आतून माती निघते, पोकळी मागे मागे पाण्याच्या दिशेनं सरकत जाते आणि एक दिवस जलाशयाला भिडते. याला पाइपिंग म्हणतात. मातीची धरणं फुटण्याच्या दोन मोठ्या कारणांतलं हे एक. दुसरं म्हणजे पाणी पाळीवरून वाहून जाणं.

दुसरी खूण पायथ्याच्या जमिनीत दिसते. पाणी खालून वर उमळत असेल आणि त्याभोवती बारीक वाळूची गोल ढिगुळी साचत असेल, मधोमध भोक आणि त्यात दाणे नाचताना दिसत असतील, तर त्याच क्षणी शाखा अभियंत्याला फोन लावा. सकाळची वाट बघू नका.

तिसरी गोष्ट सोपी, पण चिकाटीची. धार किती आहे ते मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं : बादली भरायला किती सेकंद लागले, आणि त्या दिवशी धरणाची पातळी किती होती. दोन्ही एकाच ओळीत लिहा. धरण भरत गेलं आणि धार वाढली, तर ते साहजिक आहे. पातळी तेवढीच असून धार वाढली, तर साहजिक नाही. मोठ्या धरणांवर यासाठी त्रिकोणी खाचेची पाटी, व्ही-नॉच, बसवतात. तुमच्या वहीतली सहा महिन्यांची अशी नोंद कुठलाही अभियंता दुर्लक्षू शकत नाही. ओल पूर्वीपासून आहे असं तुम्ही म्हणता. पूर्वी किती होती, हे लिहिलेलं असतं तर आज तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळालं असतं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. घाबरलेलं गाव पहिल्यांदा धारेच्या तोंडाशी काळी माती आणून थापतं. तोंड बुजलं की पाणी आत दाब धरतं आणि शेजारून फुटतं, तेही जास्त जोरानं. योग्य उपाय याच्या उलट आहे : पाण्याला वाट द्यायची आणि माती अडवायची. आधी जाड स्वच्छ वाळू, तिच्यावर गिट्टी, तिच्यावर दगड, असा उलटा फिल्टर घालतात. उमाळा असेल तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचून आत थोडं पाणी उभं राहू देतात, म्हणजे खालचा जोर कमी होतो. हे अभियंत्याच्या नजरेखाली व्हायला हवं, पण वाळू, गिट्टी आणि रिकामी पोती पावसाळ्यात धरणावर तयार आहेत की नाहीत, हे बघायचा हक्क तुम्हाला आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं झोपायच्या वेळी वाहून गेली. ते धरण म्हातारं नव्हतं, वीस वर्षांचंही नव्हतं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. पुढे खेकड्यांनी पाळ पोखरली असंही सांगितलं गेलं. खेकडे, घुशी, सायाळ पाळीत बिळं करतात हे खरं आहे. पण बिळं शोधणं आणि बुजवणं हे धरणाच्या मालकाचं दर वर्षीचं काम आहे. पावसाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक, अशा दोन पाहण्या कायद्यानं सक्तीच्या आहेत त्या यासाठीच.

तुमच्या पत्राच्या शेवटी पाळीवरच्या बाभळींबद्दलही विचारलं आहे. उभं झाड मुळं आत घालतं, आणि ते वाळलं की मुळं कुजून नळ्या तयार होतात. रोप असतानाच काढायला हवं. पण मोठं झालेलं झाड मुळासकट उपटू नका, आत खड्डा पडतो. ते खात्याला कळवा. मुळं काढून जागा थराथरानं दाबून भरावी लागते. पाळीवरची बेशरमाची झुडपं मात्र तोडायलाच हवी, कारण त्यांच्या आड ओल आणि बिळं काहीच दिसत नाही.

प्रश्न : आमची ढीवर समाजाची मच्छीमार संस्था जुन्या मालगुजारी तलावावर आहे. गावाची नळयोजनाही याच तलावावर चालते. सांडव्यावरून मासे निघून जातात म्हणून आम्ही लोखंडी जाळी बसवली. आता ती काढा म्हणतात. रोहू-कटला वाहून गेले तर आमचं वर्ष गेलं. — एक सभासद, भंडारा जिल्हा

उत्तर : दादा, तुमच्या पोटाचा प्रश्न मला कळतो. तलाव तुमच्या आजोबांपासून तुम्ही राखला आहे. तरीही जाळी सांडव्यावरून काढा, आजच काढा.

कारण हिशेबात सांगतो. जोराच्या पावसात पाण्याबरोबर पळाट्या, गवत, प्लास्टिक, धानाचं तणस, सगळं सांडव्याकडे येतं आणि जाळीला चिकटतं. समजा सांडव्याची अर्धी लांबी बुजली. पहिले सांडव्यावर एक मीटर उंचीनं जेवढं पाणी जात होतं, तेवढंच पाणी उरलेल्या अर्ध्या लांबीतून जायला आता सुमारे एक मीटर साठ सेंटीमीटर उंची लागते. ही वरची साठ सेंटीमीटर येतात कुठून? सांडव्याच्या पुराची पातळी आणि पाळीचा माथा यांच्यात राखून ठेवलेल्या अंतरातून. जुन्या तलावांची पार, म्हणजे पाळ, बसलेली असते, बैलगाड्या-ट्रॅक्टर जाऊन माथा झिजलेला असतो, तिथं साठ सेंटीमीटर शिल्लकच नसतात. मातीच्या पारीवरून पाणी एकदा वाहू लागलं की ती काही तासांत कापली जाते.

गुजरातेत मोरबीच्या वरचं मच्छू-दोन धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं. सांडव्याच्या ताकदीपेक्षा मोठा पूर आला आणि दोन्ही अंगांची मातीची पाळ वरून वाहणाऱ्या पाण्यानं नेली. आपल्या नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची घरं बुडाली. तो तलाव १८७० च्या सुमाराचा, एके काळी नागपूरला पाणी पाजणारा. पाळ टिकली, तरी हे झालं. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. सांडव्याच्या तोंडाशी आणि खाली सांडव्याचं पाणी वाहून नेणाऱ्या पुच्छ कालव्यात काहीच असता कामा नये, मग ते जाळं असो, भिंत असो की झुडपं.

मासे राखायचे तर जाळं तलावाच्या आत, सांडव्यापासून लांब, तरंगत्या बोयांवर लावा आणि पावसाचा अंदाज आला की ते ओढून घेता येईल असं ठेवा. मोठे मासे पोळ्याच्या आधी जितके काढता येतील तितके काढा. यानंही काही मासे जातील. त्या नुकसानीसाठी मत्स्यव्यवसाय खात्याकडे संस्थेनं भरपाई मागावी आणि ग्रामसभेनं पाठिंब्याचा ठराव द्यावा, असं मला वाटतं. गावाच्या सुरक्षिततेची किंमत एकट्या ढीवरांनी का भरायची?

हेच त्या गावांनाही सांगतो, जिथं जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतात. एक फूट पाणी वाढतं आणि एक फूट सुरक्षितता कमी होते.

प्रश्न : गाळमुक्त धरण योजनेत आम्ही तलावातला गाळ शेतात टाकतो. जेसीबीवाला पाळीजवळूनच खोदतो, कारण तिथं गाळ जास्त आणि रस्ता जवळ. यानं काही होतं का? — बाळापूर तालुका

उत्तर : होतं. पाण्याकडच्या अंगाला पायथ्याशी बसलेला गाळ वर्षानुवर्षांत थर धरून पाझर कमी करत असतो. तो खरवडला की पाण्याला पायाखाली जायची नवी वाट मिळते. त्यातून पायथ्याशी खड्डा झाला तर पाळीचा उतार आधार गमावतो आणि पाणी झपाट्यानं उतरताना घसरतो. गाळ नेणं चांगलं काम आहे, शेताला आणि तलावाला दोघांनाही. पण पाळ, सांडवा आणि विमोचकाची विहीर यांच्यापासून किती अंतर सोडायचं, ते शाखा अभियंत्याकडून जागेवर चुन्यानं आखून घ्या आणि मगच मशीन उतरवा. ही आखणी ग्रामपंचायतीच्या कुणातरी समोर व्हावी.

प्रश्न : २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळकरांनी टँकरमागे धावून दिवस काढले, ते मी विसरलेलो नाही. आता बातम्यांत वाचतो की सुरक्षिततेसाठी जुन्या धरणात पाणी कमी ठेवावं. पिण्याच्या पाण्याच्या धरणात पाणी कमी ठेवणं म्हणजे माणसांना तहानलेलं ठेवणं नाही का? — निवृत्त शिक्षक, यवतमाळ

उत्तर : गुरुजी, तुमचा राग रास्त आहे. पाणी कमी ठेवा, हा प्रत्येक जुन्या धरणाला लागू करायचा नियम नाही. वय म्हणजे दोष नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातलं आसोलामेंढा धरण शंभरी ओलांडूनही उभं आहे. पण एखाद्या धरणाच्या पाहणीत सांडवा अपुरा किंवा पाळीत मोठा दोष असं नोंदलं गेलं असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत जुलै-ऑगस्टमध्ये पातळी खाली राखून सप्टेंबरच्या पावसात भरणं हा शहाणपणा आहे. अंबाझरीचा पाऊस सप्टेंबरातच आला, हे ध्यानात ठेवून तेही टप्प्याटप्प्यानं. यात वर्ष हुकण्याचा धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. टँकरचं वर्ष फार वाईट असतं. पण ते संपतं. फुटलेल्या धरणाखालची माणसं परत येत नाहीत, आणि शहरही पुढची कित्येक वर्षं पाण्याविना राहतं, कारण धरणच उरत नाही.

मला याहून जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. पातळी खाली आणायचं ठरलं, तर ती आणता येईल का? पुष्कळ जुन्या धरणांचं विमोचकाचं गेट वर्षानुवर्षं पूर्ण उघडलेलं नसतं. पाणी योजना जॅकवेलमधून, म्हणजे जलाशयातल्या विहिरीतून, पंपानं पाणी उचलते, कालवा बंद असतो, आणि गेटचा दांडा गंजून बसतो. आणीबाणीत पाणी कमी करायला ती एकच वाट असते, आणि ती वाट पाळीच्या पोटातून जाते. दगडी मोरी किंवा पाइप आणि भोवतालची माती यांच्या सांध्यात पाणी घुसलं तर पाळ आतून पोखरते. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं, तेव्हा विमोचकाचं काम अपुरं होतं आणि त्याच्या वरचा भराव खचत होता. त्याच दिवशी खालचं खडकवासला फुटलं आणि पुणं बुडालं.

तुमच्या नगरपालिकेला पावसाळ्याआधीच्या पाहणीत हे गेट सर्वांसमोर पूर्ण उघडून आणि बंद करून दाखवायला सांगा. पाहणी अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जात धरणाचं नाव, वर्ष आणि ‘पावसाळापूर्व व पावसाळोत्तर पाहणी अहवाल, केलेल्या दुरुस्तीच्या नोंदींसह’ एवढं स्पष्ट लिहा. दुरुस्तीच्या नोंदी मागायला विसरू नका. तोच दोष सलग तीन अहवालांत शब्दन् शब्द तसाच उतरलेला दिसला, तर नळाच्या पाण्याबद्दल जेवढ्या आवाजात बोललात तेवढ्याच आवाजात यावर बोला.

प्रश्न : मी अंगणवाडीत काम करते. आमची वस्ती धरणाखाली नाल्याच्या काठाला आहे. रात्री काही झालं तर लहान लेकरं घेऊन कुठं पळायचं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. — उमरखेड तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. सरपंचांना सांगितलेला आणीबाणी कृती आराखडा असतो तो नेमका यासाठी. धरण फुटलं तर पाणी कुठपर्यंत आणि किती खोल येईल याचा नकाशा त्यात असायला हवा. तहसीलदारांना आणि धरणाच्या कार्यालयाला एकच गोष्ट विचारा : आमच्या वस्तीपर्यंत पाणी यायला किती मिनिटं लागतील? या उत्तरावर बाकी सगळं ठरतं. वीस मिनिटं असतील तर गावकऱ्यांनी स्वतःच निघायचं, गाडीची वाट बघायची नाही. नदीकाठी निळ्या आणि लाल पूररेषा आखतात, त्यावर भिस्त ठेवू नका. निळी पंचवीस वर्षांच्या आणि लाल शंभर वर्षांच्या पुराची असते. फुटलेल्या धरणाचं पाणी लाल रेषेच्याही वर जाऊ शकतं.

नकाशा मिळेपर्यंत थांबू नका. नाल्याला आडवं निघून सगळ्यात जवळची उंच जागा कोणती, ते दिवसा चालत जाऊन ठरवा. नाल्याच्या काठाकाठानं खाली पळायचं नाही, पाणी त्याच वाटेनं येतं. रपटा किंवा पूल ओलांडावा लागेल अशी वाट घेऊ नका. कोणत्या घरात म्हातारं, आजारी किंवा गरोदर बाई आहे आणि तिला कोण उचलणार, हे नावानिशी ठरवा. अंगणवाडीच्या रजिस्टरात ही नावं तुमच्याकडे आधीच आहेत. इशाऱ्याचा आवाज एकच ठरवा, देवळाची घंटा किंवा भोंगा, आणि तो एरवी कशासाठीही वाजवायचा नाही. जोराच्या पावसाच्या रात्री दोघांनी आळीपाळीनं जागायचं आणि धरणावरच्या माणसाशी फोनवर बोलत राहायचं. त्याच्याकडे तुमचा नंबर आहे का, हे उद्याच बघा. जनावरांची दावी निघतानाच सोडा, त्यासाठी परत फिरायचं नाही. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर आणि पोलीस ११२ वर मिळतात.

वेळेत निघालं तर माणसं वाचतात, हे ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणावर दिसलं. मातीची पाळ गळू लागली, तेव्हा खालची अठरा गावं रिकामी केली, पाळीच्या बाजूनं चर खोदून पाणी काढून दिलं, आणि जीवितहानी झाली नाही. तिथं दिवसा हालचाल करायला वेळ मिळाला होता. तुमच्या वस्तीनं जूनमध्ये एकदा रात्री, दिवे बंद करून, लेकरांसकट त्या उंच जागेपर्यंत चालून बघावं. किती वेळ लागला तो लिहून मला कळवा. धरणाच्या कार्यालयानं सांगितलेल्या मिनिटांपेक्षा तो जास्त निघाला, तर पुढचं पत्र आपण दोघं मिळून जिल्हाधिकाऱ्यांना लिहू.